बॅटरी काढून लावली, दिवा गेला, आठवड्यात परत आला

पेट्रोल गाड्यांच्या दोन तक्रारी गॅरेजला वर्षभर येत राहतात. पहिली अशी : "चेक इंजिनचा दिवा लागला की मी बॅटरीचं टर्मिनल थोडा वेळ काढून ठेवतो. दिवा जातो, पण आठवड्यात परत येतो." दुसरी बरोबर उलटी : "गाडी एकदम ओके होती. फक्त बॅटरी बदलली आणि तेव्हापासून नाशिकला द्वारकेच्या सिग्नलला एसी चालू असला की बंद पडते."

दोघांनी केलंय एकच. ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, करंट तोडलाय, एकाने मुद्दाम, दुसऱ्याने नाइलाजाने. पहिल्याची गाडी बरी झाल्यासारखी वाटते आणि दुसऱ्याची बिघडल्यासारखी, पण दोन्ही वाटणं खोटं आहे. पहिल्याचा फॉल्ट जागेवरच आहे, नुसता त्याचा पुरावा पुसला गेलाय. दुसऱ्याच्या गाडीत नवीन काही बिघडलेलं नाही. आधीपासून असलेली घाण ईसीयू सांभाळून घेत होतं, ते आता उघडं पडलंय.

ईसीयू विसरतं ते काय

मूळ प्रोग्रॅम कारखान्यात भरलेला असतो. बॅटरी वर्षभर काढून ठेवली तरी तो जात नाही. चावीचा इमोबिलायझर कोडही जात नाही, त्यामुळे "बॅटरी काढली तर चावी चालणार नाही" ही भीती सोडून द्या. जातं ते गाडीने चालता चालता शिकलेलं.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेट्रोलचा हिशेब. शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनाने एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते. एक्झॉस्टवरचा ऑक्सिजन सेन्सर सतत सांगत असतो की आत्ता पेट्रोल कमी पडलं की जास्त झालं, आणि ईसीयू त्याप्रमाणे इंजेक्टर उघडा ठेवायची वेळ कमी-जास्त करतं. ही तात्पुरती दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम. रोज तेवढीच दुरुस्ती लागतेय असं दिसलं की ईसीयू ती लाँग टर्म ट्रिमच्या खात्यात कायम करून टाकतं. इंजेक्टर थोडे चोंदले, पंपाचा दाब जरा उतरला, तरी चालवताना काही जाणवत नाही ते या खात्यामुळे. स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूतली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर, लाँग टर्म ट्रिम उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत दिसली तर झोप लागायला हरकत नाही. अधिक वीस-पंचवीसच्या पुढे गेली की ईसीयू हात टेकतं, पी०१७१ हा फॉल्टचा कोड टाकतं आणि दिवा लावतं. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त.

सध्या यात आणखी एक भर पडलीय. पंपावर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल जळायला हवा बरीच कमी लागते, त्यामुळे या मिश्रणाचं प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं. जी जुनी गाडी या पेट्रोलसाठी बनवलेली नाही, तिच्या ईसीयूला तेवढं पेट्रोल वाढवून द्यावं लागतं. ते वाढवणं शिकलेल्या खात्यात असतं. टर्मिनल काढलं की खातं कोरं. मग निफाडकडच्या डिसेंबरातल्या पहाटे, पारा पाच-सहावर असताना, ऑक्सिजन सेन्सर अजून गरम व्हायचाय आणि शिकलेलंही काही हाताशी नाही, अशा वेळी गाडी सेल्फला जास्त वेळ घेते, सुरू होऊन फडफडते, पहिल्या फर्लांगभर झटके देते. लोक लगेच प्लग बदलायला निघतात. दोन-चार वेळा इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवून पाहा, बहुतेक वेळा प्लगची गरज पडत नाही.

दुसरी शिकलेली गोष्ट थ्रॉटल बॉडीची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा पाकळीने कमी-जास्त करणाऱ्या भागाची. आजकालच्या गाड्यांत रेसच्या पेडलला केबल नसते, थ्रॉटलची पाकळी छोटी मोटर फिरवते. स्लो रनिंगला पाकळी नेमकी किती उघडी ठेवायची हे ईसीयू अनुभवाने ठरवतं. इंजिनातून परत येणारी तेलाची वाफ आणि धूळ मिळून पाकळीच्या कडेला काळा थर धरतो, हवेची फट बारीक होते, आणि ईसीयू गुपचूप पाकळी थोडी जास्त उघडून ते भरून काढतं. हे वर्षानुवर्षं चालतं, मालकाला पत्ता नसतो. बॅटरी काढली की ईसीयू पुन्हा स्वच्छ थ्रॉटलच्या हिशेबाने पाकळी उघडतं. तिथे तर कार्बन. हवा पुरत नाही, आरपीएम सातशेच्या खाली जातो, त्यात एसीचा कॉम्प्रेसर लागला की गाडी बंद. दुसऱ्या तक्रारीतली नव्वद टक्के भानगड एवढीच असते.

याची उलटी बाजूही आहे. कुणी हौसेने थ्रॉटल स्वच्छ केला आणि ईसीयूला पुन्हा शिकवलंच नाही, तर ते जुन्या सवयीने पाकळी जास्त उघडी ठेवतं. स्लो रनिंग हजार-बाराशेवर अडकतं, कधी पी०५०७ (स्लो रनिंग जास्त) हा कोड येतो. थ्रॉटल साफ करणं आणि त्याची शिकवणी, दोन्ही एकाच बैठकीत व्हायला हवं.

आता एक मेख. हे सगळं जुन्या गाड्यांना जास्त लागू आहे. नव्या गाड्यांत, विशेषतः एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ मध्ये, शिकलेल्या बऱ्याच गोष्टी करंट गेला तरी टिकणाऱ्या मेमरीत असतात. काही गाड्यांत टर्मिनल रात्रभर काढून ठेवलं तरी ट्रिम आणि कोड जसेच्या तसे. तिथे पुसायचं तर स्कॅनरनेच पुसायचं. "रात्रभर काढून ठेवली तरी दिवा गेला नाही" असं सांगत कुणी आलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ती गाडी तशीच बनवलेली आहे.

दिवा जातो कसा आणि परत येतो कसा

ईसीयू एकदा फॉल्ट दिसला म्हणून लगेच दिवा लावत नाही. बहुतेक कोडसाठी लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये तोच फॉल्ट दिसावा लागतो. फेरी म्हणजे गाडी सुरू करणं, ती चाचणी पूर्ण होईल इतकी चालवणं आणि बंद करणं. पहिल्या फेरीत फॉल्ट मनात ठेवला जातो, दुसऱ्या फेरीत पक्का होतो आणि दिवा लागतो. काही चाचण्या विशिष्ट वेगाला, विशिष्ट तापमानालाच होतात. तुम्ही सिडकोतून शरणपूर रोडपर्यंतच जात-येत असाल तर ती परिस्थिती आठवड्यातून एखाद वेळी येते. म्हणून टर्मिनल काढल्यावर दिवा चार दिवस, आठ दिवस गप्प बसतो. तेवढ्यात तो बरा झाला असं वाटतं. ईसीयू तेवढे दिवस फक्त मोजत असतं.

दिवा नुसता लागलेला आहे की लुकलुकतोय हे मात्र नीट बघा. लुकलुकतोय म्हणजे इंजिन जोरात मिस करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय. अशा वेळी रेस कमी करा, बाजूला घ्या. तसंच रेटत मुंबईला गेलात तर कन्व्हर्टरचं बिल वेगळं येईल, आणि ते बिल बारीक नसतं.

टर्मिनल काढण्यात सगळ्यात मोठं नुकसान कुठलं असेल तर फ्रीझ फ्रेमचं. कोड टाकताना ईसीयू त्या क्षणाची नोंद ठेवतं : आरपीएम किती, वेग किती, इंजिनचं तापमान, लोड, ट्रिम. कोड नुसता "मिश्रण पातळ" एवढंच सांगतो. ते सिग्नलला उभं असताना झालं की कसारा घाट चढताना, हे फ्रीझ फ्रेम सांगते, आणि या दोन्हींची कारणं पूर्ण वेगळी असतात. टर्मिनल काढलं की जुन्या गाडीत हा कागदच फाडला जातो.

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार काका याच पद्धतीने गाडी चालवत होते. दिवा लागला की दहा नंबरचा पाना काढायचा, टर्मिनल सोडायचं, चहा घेऊन यायचं, परत आवळायचं.

"भाऊ, दिवा जातो ना पण!"

"काका, या खेपेला लागला की पान्याला हात लावू नका. तशीच गाडी घेऊन या."

आणली. कोड पी०१७१. फ्रीझ फ्रेममध्ये वेग शून्य, आरपीएम साडेसातशे, इंजिन गरम. स्लो रनिंगला लाँग टर्म ट्रिम अधिक २२, आणि रेस देऊन अडीच हजार आरपीएमला धरली तर अधिक ६. इथेच निदान झालं. इंजिन कमी हवा ओढत असताना चुकीची हवा मोठी वाटते आणि जास्त ओढायला लागलं की ती नगण्य होते, याचा अर्थ थ्रॉटलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला कुठेतरी हवा चोरून आत येतेय. इनटेक मॅनिफोल्डला जाणारी पीसीव्हीची (इंजिनातली तेलाची वाफ परत आत नेणारी) रबरी नळी कोपऱ्यात उंदराने कुरतडलेली निघाली. नळी बदलली, कोड स्कॅनरने पुसला, ट्रिम तीन-चार टक्क्यांवर आली. द्राक्षाच्या मळ्यात, गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांना उंदीर हा ठरलेला रोग आहे. पावसाळ्यात तर बॉनेट उघडून आधी नळ्या आणि वायरिंग बघायचं, मग स्कॅनर.

याच्या उलट, स्लो रनिंगला ट्रिम बरी आणि लोडला वाढत जाते, असं असेल तर पेट्रोल पुरत नाही : पंप थकला, फिल्टर चोंदला किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला. मुंबईहून येताना कसारा घाटात दिवा लागतो आणि गावात कधीच लागत नाही, अशी गाडी बहुतेक या गटातली.

कोड वाचायला आता गॅरेजच पाहिजे असं नाही. स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या कडेला सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट, म्हणजे स्कॅनर जोडायची जागा, असतं. ईएलएम३२७ जातीचं ब्लूटूथचं डबडं हजाराच्या आत मिळतं, मोबाइलवर ॲप टाकलं की कोड, फ्रीझ फ्रेम, ट्रिम सगळं दिसतं. कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या, मग गॅरेजवाल्याला दाखवा. त्याचाही वेळ वाचतो आणि "आधी हा सेन्सर बदलून बघू" हा खर्चिक प्रयोगही टळतो. सेन्सर अंदाजाने बदलणाऱ्यांवर माझा मुळीच विश्वास नाही. पी०१७१ दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलायचा, हे बातमी आणणाऱ्यालाच मारण्यासारखं आहे.

बॅटरी बदलल्यावर गाडी बंद पडायला लागली तर

पहिल्यांदा काही उघडू नका. एसी, दिवे, म्युझिक, मागच्या काचेचा हीटर, सगळं बंद. चावी ऑन करून दहा सेकंद थांबा, इंजिन सुरू करू नका. बऱ्याच गाड्यांत याच वेळात थ्रॉटलची पाकळी आपली बंद जागा शोधून घेते, कान दिला तर बारीक घरघर ऐकू येते. चावी ऑफ, पुन्हा दहा सेकंद. मग पेडलला पाय न लावता सुरू करा आणि रेडिएटरचा पंखा लागून बंद होईपर्यंत तशीच चालू राहू द्या. थंड इंजिनापासून धरलं तर याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. नंतर एसी लावून पाच मिनिटं. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून डी मध्ये टाकून आणखी थोडा वेळ. पुरेशी मोकळी जागा आणि हँडब्रेक लावलेला, हे सांगायला नको. बंद गॅरेजमध्ये हे करू नका, सायलेन्सरचा धूर जीव घेतो.

कंपनीप्रमाणे पद्धत बदलते. होंडाच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत सगळा लोड बंद ठेवून तीन हजार आरपीएमला पंखा लागेपर्यंत धरायचं आणि मग पाच मिनिटं स्लो रनिंगला सोडायचं, असं आहे. फोक्सवॅगन-स्कोडाकडे थ्रॉटलची शिकवणी स्कॅनरच्या बेसिक सेटिंगमधून व्यवस्थित होते. निसानमध्ये पेडलची जागा, पाकळीची बंद जागा आणि स्लो रनिंगची हवा, अशा तीन वेगळ्या शिकवण्या आहेत. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी, माझं नंतर.

यानंतर रस्ता. शिकायला ईसीयूला वेगवेगळा लोड लागतो, एकट्या स्लो रनिंगने भागत नाही. गंगापूर रोडने धरणाकडे, किंवा आडगाव नाक्यावरून ओझरपर्यंत महामार्गाने, साठ-सत्तरच्या वेगात अर्धा तास चालवून आणा. मध्ये काही वेळा रेस पूर्ण सोडून गिअरमध्येच गाडी घरंगळू द्या, म्हणजे इंजेक्शन तोडून परत सुरू करण्याचाही हिशेब बसतो. त्या दिवशी एकदम ताणू नका आणि मायलेजही मोजत बसू नका.

एवढं करूनही सिग्नलला आरपीएम वर-खाली होत असेल किंवा गाडी बंद पडत असेल, तर थ्रॉटल बॉडी उघडून बघायची वेळ आली. कापडाला थ्रॉटल क्लीनर लावून पुसायचा. पाकळी बोटाने जोर लावून ढकलायची नाही, आतल्या प्लॅस्टिक गिअरचे दात जातात. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून सगळं धुऊन काढणारे आहेत. त्यात पाकळीच्या कडेचा कारखान्यातून आलेला लेप निघू शकतो आणि द्रव सेन्सरमध्ये उतरू शकतो. पुसून झालं की वरची शिकवणी पुन्हा.

बॅटरी बदलल्यावर इतर बारीकसारीक गोष्टीही विसरल्या जातात, पण त्या घरीच बसतात. खिडकीची काच एका दाबात वर जात नसेल तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरा. ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलेला असेल तर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि थोडं सरळ चालवा, बहुतेक गाड्यांत तो जातो.

टर्मिनल काढावंच लागलं तर

चावी ऑफ केल्या केल्या पाना लावू नका. ईसीयूचं मुख्य रिले त्यानंतरही थोडा वेळ चालू असतं आणि शिकलेलं त्याच वेळात लिहून ठेवलं जातं. ॲडब्लू (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) वापरणारी डिझेल गाडी असेल तर ती चावी काढल्यावर आपल्या नळ्या रिकाम्या करत असते. पाचेक मिनिटं जाऊ द्या. चावी खिशात ठेवा, एक काच खाली ठेवा, कारण करंट परत आल्यावर सेंट्रल लॉकिंग स्वतःहून लागणाऱ्या गाड्या आहेत.

आधी निगेटिव्ह काढायचं, मग पॉझिटिव्ह. लावताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. निगेटिव्ह आधी सुटलं की नंतर पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. दोन्ही केबलींची टोकं एकमेकांना लावून "उरलेला करंट काढणं" हा प्रकार मला पटत नाही. निगेटिव्ह सोडल्यावर हेडलाइटचा स्विच मिनिटभर ऑन ठेवा, कपॅसिटरमध्ये राहिलेलं तेवढ्यात जातं. बॅटरी जोडण्याआधी स्विच परत ऑफ.

आणि चालू इंजिनात टर्मिनल कधीही काढू नका. डायनॅमो चार्जिंग करतोय का हे बघायला जुने मिस्त्री टर्मिनल उचलून बघायचे, गाडी चालू राहिली तर चार्जिंग ओके. कार्बोरेटरच्या गाडीत ते खपून गेलं. आज अल्टरनेटरचा लोड एकदम तुटला की व्होल्टेज क्षणात कितीतरी पटीने उसळतं आणि ते सरळ ईसीयूत, एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये, म्युझिक सिस्टिममध्ये शिरतं. मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक. स्मार्ट हायब्रिड लिहिलेल्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खाली-वर केला जातो, तिथे एकदा १२.८ दिसलं म्हणून अल्टरनेटर उतरवू नका.

घड्याळ बघा

आता तिसरा प्रकार, आणि खरं तर हाच सगळ्यात जास्त चकवतो. मालकाने बॅटरीला हातही लावलेला नाही, तरी गाडी अधूनमधून विसरते. आज बरी, उद्या सकाळी स्लो रनिंग हललेलं, मग दोन दिवसांत आपोआप ठीक. अशा वेळी पहिला प्रश्न एकच : डॅशबोर्डवरचं घड्याळ मागे पडतं का, ट्रिप मीटर शून्य होतो का? उत्तर हो असेल तर करंट मध्येच तुटतोय. इंजिनात शोधत बसण्यात अर्थ नाही.

पहिला संशय टर्मिनलवर. पांढरी-हिरवट भुकटी धरलेली असेल तर काढून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, ब्रशने घासा, पूर्ण वाळवा, आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. हाताने पिळून टर्मिनल जरासुद्धा फिरलं तर ते सैल आहे, "नीट बसलंय की" म्हणून सोडू नका. काही नव्या बॅटऱ्यांचा खांब बारीक असतो आणि जुना क्लॅम्प पूर्ण आवळूनही गच्च बसत नाही. तिथे पत्र्याचा तुकडा खुपसण्यापेक्षा क्लॅम्प बदला.

मग अर्थ वायर. एकाला सेल्फ मारायला सांगा आणि मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. ०.२ व्होल्टच्या आसपास ठीक. अर्धा व्होल्ट खातेय म्हणजे अर्थ वायर किंवा तिचा बोल्ट गंजलाय. याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांवर किती राहतं तेही बघा. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीच थकलेली आहे, आणि तेवढ्या कमी व्होल्टेजला काही ईसीयू क्षणभर बंद पडून परत सुरू होतात. अशा गाडीला स्कॅनर लावला तर पी०५६२ (व्होल्टेज कमी) आणि सोबत यू ने सुरू होणारे, मॉड्यूलांचा आपसातला संपर्क तुटल्याचे कोड यादीच्या यादीने निघतात. एकेका मॉड्यूलचा फॉल्ट शोधत बसू नका. बॅटरी चार्ज करा, सगळे कोड पुसा, परत येतात ते बघा. बहुतेक येत नाहीत.

रात्रभर उभी गाडी सकाळी मेलेली असेल तर आत कुणीतरी करंट पितंय. निवांत पडलेल्या बॅटरीवर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे गेलीच. मल्टिमीटर दहा अँपिअरवर लावून निगेटिव्ह खांब आणि त्याची सुटी केलेली केबल यांच्या मध्ये जोडा आणि गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. गाडीतली मॉड्यूल झोपायला तेवढा वेळ घेतात, आणि घाईत घेतलेलं रीडिंग हमखास फसवतं. मीटर जोडलेला असताना दार उघडू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका, मीटरचा फ्यूज जातो. ५० मिलिअँपिअरच्या आत ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून कुठे घसरतं ते बघा. नंतर बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर आणि बाहेरून टाकलेला स्टिरिओ, गुन्हेगार या तिघांपैकी एक निघतो. डिकीतला न विझणारा बल्ब चौथा.

उरलेल्या गाड्या

एएमटी गाडीत, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्रच बदलतं अशा गाडीत, क्लच कुठे पकडतो हेही शिकलेलं असतं. बॅटरीनंतर पहिल्या गिअरला झटका बसत असेल आणि दोन-चार दिवसांत कमी होत नसेल, तर क्लचची शिकवणी स्कॅनरनेच होते, घरचा उपाय नाही.

डिझेलमध्ये इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीयूत भरलेला असतो आणि तो बॅटरीने जात नाही. डिझेल इंजेक्टरच्या नोझल बनवणाऱ्या मायको (आताची बॉश) कंपनीच्या नावाच्या मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्या नाशिकला नोझल काय चीज आहे हे सांगायची गरज नाही. एवढंच की इंजेक्टर बदलला तर त्याचा नवा कोड भरावा लागतो, टर्मिनल काढून तो आपोआप भरला जात नाही. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवाही टर्मिनल काढून घालवू नका. काजळी फिल्टरमध्येच राहते आणि ईसीयूचा तिच्याबद्दलचा हिशेब चुकला तर पुढे महागात पडतं.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत बॅटरी बदलल्यावर गाडी आधी पेट्रोलवर शिकू द्या. पंपावर रांग नको म्हणून टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवून महिनोन्‌महिने गॅसवर पळवणारे पुष्कळ आहेत. त्यांचं ते पेट्रोल शिळं झालेलं असतं आणि शिकवणी त्या शिळ्या पेट्रोलवर होते. आधी ताजं पेट्रोल टाका. बाहेरून बसवलेल्या किटला स्वतःचा वेगळा ईसीयू असतो आणि तो पेट्रोलच्या हिशेबावरच चालतो, त्यामुळे पेट्रोलवर गाडी हलत असेल तर गॅसचं ट्युनिंग करण्यात पैसे घालू नका.

स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. तिथे साधी बॅटरी चालत नाही, वारंवार बंद-चालू सोसणारी ईएफबी किंवा एजीएम जातीची लागते. जंप स्टार्ट करताना काळी केबल खांबाला न लावता बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावायची. नवी बॅटरी बसवल्यावर स्टार्ट-स्टॉप लगेच चालत नाही. गाडी रात्रभर लॉक करून उभी ठेवल्यावर सेन्सर बॅटरीची ओळख करून घेतो. महागड्या जर्मन गाड्यांत बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते, आणि ती न करता दिली तर मालकाने गाडी ताब्यात घेऊ नये.

शेवटचं पीयूसीचं. केंद्रावर नळी सायलेन्सरमध्ये घालतात, ओबीडी सॉकेटला कुणी हात लावत नाही, म्हणून दिवा जावा यासाठी पीयूसीच्या आदल्या रात्री टर्मिनल काढून ठेवणं निरर्थक आहे. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाडीला स्लो रनिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत लागतो आणि वाढलेल्या आरपीएमला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं) ०.९७ ते १.०३ मध्ये. नुकतीच कोरी केलेली, अजून न शिकलेली, गार गाडी तिथे नेली तर काठावरचा आकडा नापासाच्या बाजूला पडू शकतो. रिसेट केल्यावर आधी ओझरची फेरी मारून या आणि इंजिन तापलेलं असतानाच नळी लावून घ्या.